नाशिकमध्ये राहून इकॉनॉमिक्सचे रिसर्च सेमिनार आणि डेटा ॲनालिसिसचे छोटे कोर्स कसे करायचे

एमए इकॉनॉमिक्सची मुलं, पीएचडीला नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे, सगळ्यांचा मला साधारण एकच प्रश्न येतो, की मॅडम नाशिकमध्ये असलं काही होत नाही मग आम्ही शिकायचं कुठे. सेमिनार मुंबईला, कोर्स पुण्याला नाहीतर दिल्लीला, फॉर्म भरायचा तर काय काय लागतं ते कोणी सांगत नाही, आणि एवढं करून गेलो तरी तिथे डोक्यावरून जातं. म्हणून मला जे जे माहिती आहे ते सगळं एकदाच क्रमाने लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचा डेटा घेऊन कोर्सला जाणारा माणूस तिथून काम शिकून येतो, रिकाम्या हाताने जाणारा सर्टिफिकेट घेऊन येतो. आणि प्रश्नांच्या बाबतीत नाशिककरांना काही कमी नाही, उलट मुंबईतल्या मुलांना जे प्रश्न कागदावर वाचावे लागतात ते आपल्याकडे रोज सकाळी लिलावाला उभे असतात.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

रिसर्च सेमिनार म्हणजे एक वक्ता, एक पेपर, तास ते दीड तास. पेपर बहुतेक वेळा अजून छापलेला नसतो, काम चालू असतं आणि लोकांनी त्यातल्या चुका काढाव्यात म्हणूनच तो मांडलेला असतो. फी नसते, सर्टिफिकेटही नसतं. आपल्याला गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेची सवय आहे, तिथे वक्ता बोलतो, आपण शांत ऐकतो, शेवटी आभार. सेमिनारमध्ये दुसऱ्याच स्लाईडला कोणीतरी हात वर करून विचारतं की हा आकडा आला कुठून, आणि त्यात कोणाला राग येत नाही. पहिल्यांदा बघताना भांडण चाललंय असं वाटतं, तसं नसतं, कामाची पद्धतच ती आहे.

शॉर्ट कोर्स किंवा वर्कशॉप तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत असतं, सकाळी लेक्चर, दुपारी लॅब. कॉन्फरन्समध्ये एकाच वेळी चार खोल्यांत पेपर चालू असतात, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं, फी भरावी लागते. ओळखी व्हायला कॉन्फरन्स चांगली पण शिकायला नाही. एफडीपी, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, मुख्यतः शिक्षकांसाठी. नोटीस वाचताना ती यातल्या कशाची आहे हे आधी बघा, नावात वर्कशॉप असतं आणि आत पाच भाषणं असतात असं खूप वेळा होतं. वेळापत्रकात लॅबचे तास किती आहेत ते मोजा, निम्म्याहून कमी असतील तर डेटा शिकायला तिथे जाऊ नका.

२. प्रश्न ठरवा, आणि तो छोटा ठरवा

"महाराष्ट्रातील शेतीच्या समस्या" हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर एका आकड्यात किंवा निदान हो-नाहीत येऊ शकतं. आपल्या दारातलंच उदाहरण घेते, कांदा निर्यातबंदी. तिच्यामुळे लासलगावचा भाव किती पडला?

प्रश्न सोपा वाटतो ना. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली, त्याच्या आधीच्या महिन्याचा सरासरी भाव काढा, नंतरच्या महिन्याचा काढा, वजाबाकी करा, झालं. आता यात अडचणी किती आहेत बघा. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, म्हणजे बंदी नसती तरी भाव थोडा उतरलाच असता. मग तुमच्या वजाबाकीत बंदीचा परिणाम किती आणि हंगामाचा किती? दुसरं, "आधीचा" काळ तरी स्वच्छ आहे का? ऑगस्ट २०२३ मध्येच ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही) आली होती, म्हणजे बंदीच्या आधीसुद्धा बाजार मोकळा नव्हता. तिसरं, बंदी येणार अशी कुणकुण व्यापाऱ्यांना आधी लागली असेल तर भाव बंदीच्या आधीच हलला असेल.

मग तुलना कशाशी करायची? इथे कोर्समधलं डिफरन्स-इन-डिफरन्सेस येतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच राहिलं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटमधल्या नोकऱ्या आधी आणि नंतर मोजल्या. न्यू जर्सीतला बदल वजा पेनसिल्व्हेनियातला बदल, एवढंच. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा.

आता आपल्या कांद्याला पेनसिल्व्हेनिया कुठून आणायचा? कोणी म्हणेल दिल्लीची आझादपूर मंडी घ्या, तिथून फारशी निर्यात होत नाही. पण बंदीमुळे नाशिकचा अडकलेला कांदा दिल्लीलाच जाणार, मग तिथलाही भाव पडणार, म्हणजे ज्याला बंदीचा स्पर्श झाला नाही असं आपण धरतोय त्यालाही तो झालेला आहे. बटाटा घ्यायचा का? त्याचा हंगाम वेगळा. मग लासलगावचेच मागच्या काही वर्षांचे तेच आठवडे घेऊन हंगामी उतार किती असतो ते बघणं हा एक मार्ग, त्यातही अवकाळीची वर्षं वेगळी काढावी लागतील. यातलं कुठलंच उत्तर पूर्ण बरोबर नाही, आणि इतपत विचार करून तुम्ही कोर्सला गेलात की तिथल्या प्रत्येक लेक्चरमध्ये तुम्हाला स्वतःचं काहीतरी सापडत जातं. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, आकडे नंतर येतात.

शेतीत रस नसेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार घ्या, द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या बायका घ्या, चालेल. पण एकच घ्या.

३. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. सॉफ्टवेअरवरून लोक उगाच अडतात. डेटा ॲनालिसिससाठी स्टाटा नावाचं सॉफ्टवेअर खूप जण वापरतात, पण ते विकतचं आहे, विद्यार्थ्यांसाठी स्वस्त लायसन्स मिळतं तरी आपल्या खिशाला जडच, आणि क्रॅक केलेली कॉपी पेनड्राईव्हवरून घेऊ नका, व्हायरस येतो तो येतो शिवाय उद्या पेपर पाठवताना कुठलं व्हर्जन वापरलं ते लिहावं लागतं. त्याच कामासाठीचं आर (R) आणि त्याच्यासोबतचं आरस्टुडिओ पूर्ण फुकट आहे, सर्व्हे डेटा, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत काढणं), नकाशे सगळं त्यात होतं. कोर्स स्टाटावर असेल तर आयोजक लॅबमध्ये सोय करतात किंवा काही दिवसांचं लायसन्स देतात, आधी मेल करून विचारा. आधी आर शिकलेल्याला स्टाटा जड जात नाही.

इन्स्टॉल करताना एक करा. सगळं काम एका फोल्डरमध्ये, फोल्डरचं नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस न देता. त्यात "रॉ" नावाच्या फोल्डरमध्ये डाउनलोड केलेली मूळ फाईल, तिला कधीच हात लावायचा नाही. जे काही बदलायचं ते स्क्रिप्ट लिहून बदलायचं आणि नवी फाईल वेगळी सेव्ह करायची. एक्सेलमध्ये हाताने एखादा आकडा दुरुस्त केला की दोन महिन्यांनी तो का केला हे तुम्हालाही आठवत नाही आणि गाईडलाही पटत नाही.

४. डेटा आधी उतरवून बघा

हे कोर्सच्या आधी करायचं, नंतर नाही. दोन डेटा सांगते, एक सोपा एक अवघड.

सोपा म्हणजे ॲगमार्कनेट, केंद्र सरकारची बाजारभावाची साईट. बाजार समिती, पीक, तारखा निवडल्या की रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतात. आता यातले खड्डे. लासलगाव एकच दिसत नाही, मुख्य बाजार वेगळा आणि निफाड व विंचूरचे उपबाजार वेगळे येतात, नावात लासलगाव दिसतंय म्हणून तिन्ही एकत्र बेरीज करून टाकू नका, काय घेतलं ते लिहून ठेवा. आवक टनात असते आणि भाव क्विंटलला, गुणाकार करून उलाढाल काढायला गेलात तर दहापटीची चूक होते. एक्सेलमध्ये उघडताना तारीख उलटी होते, ५ मार्चचा ३ मे होतो, आणि १२ तारखेपर्यंत ही चूक लक्षातसुद्धा येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, ज्या दिवशी लिलाव झाला नाही तो दिवस डेटात नसतोच. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत, सुट्ट्या, आणि बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लागल्यावर जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव थांबले होते, ते दिवस म्हणजे शून्य भाव नव्हे, ते रिकामेच ठेवायचे. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, तुम्हाला कळतं, हा तुमचा फायदा आहे.

अवघड म्हणजे पीएलएफएस, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा रोजगाराचा सर्व्हे, २०१७-१८ पासूनचा. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर ईमेलने रजिस्ट्रेशन केलं की एकेका माणसाची नोंद असलेल्या फाईल फुकट मिळतात, नावपत्ता अर्थातच काढलेला असतो. २०२४ पर्यंतच्या आखणीत एका वर्षाच्या सर्व्हेत चार लाखांच्या आसपास माणसं असायची. साध्या टेक्स्ट स्वरूपात असली तर फाईल उघडली की नुसती आकड्यांची न तुटणारी ओळ दिसते, ना कॉलम ना हेडिंग, बरेच जण इथेच बंद करून टाकतात. घाबरू नका. सोबत एक लेआउटची एक्सेल फाईल येते, तिच्यात लिहिलेलं असतं की कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत राज्य, कुठे वय, कुठे शिक्षण. तेच आरला सांगायचं की इथे इथे काप. महाराष्ट्राचा कोड २७.

मग कामाचे कोड बघा, इथे खरी मजा आहे. ११ म्हणजे स्वतःचा धंदा किंवा शेती, २१ म्हणजे घरच्या शेतीत-दुकानात पगाराशिवाय मदत करणारा, ३१ पगारी नोकरी, ५१ रोजंदारी, ८१ काम शोधतोय पण मिळत नाही, ९१ शिक्षण, ९२ आणि ९३ घरकाम. ९३ मध्ये घरकामासोबत भाजीपाला लावणं, सरपण आणणं, शिवणकाम असलं घरच्या वापरासाठीचं काम करणाऱ्या येतात. आता निफाडकडची एखादी बाई डोळ्यासमोर आणा, सकाळी स्वयंपाक, मग घरच्या द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला), संध्याकाळी जनावरं. तिला २१ टाकायचं की ९३? सर्व्हेवाल्याने कसा प्रश्न विचारला, घरातल्या कोणी उत्तर दिलं, यावर ते ठरतं, आणि २१ पडला तर ती कामगारांत मोजली जाते, ९३ पडला तर नाही. देशातल्या स्त्रियांच्या कामाच्या सहभागाचा आकडा वरखाली होतो तेव्हा त्यात या दोन कोडांमधली हालचाल किती आहे हे बघितल्याशिवाय काही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएलएफएसमधले तीन सापळे:

पहिला, मल्टिप्लायर. सर्व्हेतला प्रत्येक माणूस बाहेरच्या वेगवेगळ्या संख्येच्या माणसांचं प्रतिनिधित्व करतो, ते वजन लावल्याशिवाय काढलेली सरासरी चूक. आणि फाईलमधलं वजन जसंच्या तसं लावायचं नाही, सोबतच्या रीडमी फाईलमध्ये नियम दिलाय, २०२४ पर्यंतच्या वर्षांसाठी दोन ठराविक कॉलम सारखे असतील तर १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने, आणि वर्षाचा आकडा काढताना तिमाहींच्या संख्येनेही. रीडमी वाचा, खरंच वाचा.

दुसरा, जोडणी. कुटुंबाची फाईल आणि माणसांची फाईल वेगळी असते, त्या जोडायला एकच आयडी मिळत नाही, चार-पाच कॉलम एकत्र चिकटवून तो बनवावा लागतो. जोडल्यावर ओळींची संख्या तपासा, माणसांच्या फाईलपेक्षा एकही ओळ वाढली तर आयडी चुकलाय.

तिसरा नाशिककरांसाठी खास. या सर्व्हेतून "नाशिक जिल्ह्याचा बेरोजगारी दर" काढायचा मोह होतो. जुन्या वर्षांचं सॅम्पल राज्याचा अंदाज येण्यापुरतं आखलेलं आहे, एका जिल्ह्यात फार थोडी कुटुंबं येतात, त्यावरून काढलेल्या दराला अर्थ नाही. फार तर धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिक असा आपला एनएसएस रीजन (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जिल्हे एकत्र करून पाडलेला विभाग) घेता येईल, तोही दोन-तीन वर्षं एकत्र करून. २०२५ पासून सर्व्हेची आखणी बदललीये, तेव्हा जुनी वर्षं आणि नवी वर्षं थेट जोडू नका.

स्वतःची परीक्षा कशी घ्यायची तर छापील अहवालातला एक आकडा स्वतः काढून दाखवायचा. २०२३-२४ चा, १५ वर्षं आणि त्यावरच्यांचा, नेहमीच्या स्थितीनुसार (यूजुअल स्टेटस, म्हणजे मागच्या वर्षभरात माणूस काय करत होता त्यावरून) बेरोजगारी दर देशासाठी ३.२ टक्के आणि श्रमशक्ती सहभाग दर, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून, ६०.१ टक्के आहे. तुमचा आकडा तोच आला की समजा फाईल वाचणं, वजन, कोड सगळं जमलं. ३.२ च्या जागी भलतंच काही आलं तर नव्वद टक्के वेळा चूक मल्टिप्लायरमध्येच असते. हे एकदा जमलं की निम्मा कोर्स घरीच झाला.

५. कोर्स आणि सेमिनार शोधायचे कुठे

घरबसल्या सुरुवात करायची तर स्वयम आणि एनपीटेल, हे सरकारी ऑनलाइन कोर्स आहेत. इकॉनोमेट्रिक्स, स्टॅटिस्टिक्स, आर, सगळे कोर्स आहेत, शिकायला फी नाही, परीक्षा द्यायची असेल तरच भरायची. एनपीटेलला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ असे गुण धरतात, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणून दर आठवड्याची असाइनमेंट चुकवू नका. पहिले तीन आठवडे जोरात आणि मग बंद, हे फार होतं. दोघा-तिघांनी मिळून केला तर पूर्ण होतो.

प्रत्यक्ष जायचं तर सगळ्यात आधी आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) मदतीने होणारे रिसर्च मेथडॉलॉजी कोर्स बघा. सोशल सायन्सच्या पीएचडीवाल्यांसाठी असतात, १० दिवस, जागा साधारण ३०. शिक्षकांसाठी त्यांचेच कपॅसिटी बिल्डिंग प्रोग्रॅम, दोन आठवड्यांचे. हे वेगवेगळी कॉलेजं आणि विद्यापीठं घेतात त्यामुळे एका जागी यादी मिळेलच असं नाही, डिपार्टमेंटच्या ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफवर लक्ष ठेवा. दर्जा कमीजास्त असतो, सगळं आयोजकांवर आहे.

पुण्यात १९३० पासूनची गोखले इन्स्टिट्यूट, बीएमसीसी रोडला. कार्यक्रम असो नसो, तिथली धनंजयराव गाडगीळ लायब्ररी एकदा बघाच, बाहेरच्यांना बसायला काय नियम आहेत ते फोन करून विचारून जा. मुंबईत रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, गोरेगावला, सेमिनारसाठी आपल्या पट्ट्यातली सगळ्यात चांगली जागा मी तीच म्हणेन. कलिनाला मुंबई विद्यापीठाचं अर्थशास्त्राचं स्कूल, देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), आणि तिथूनच जवळ लोकसंख्या विज्ञान संस्था, एनएफएचएस हा आरोग्याचा सर्व्हे ज्यांच्याकडे असतो ती. शेती अर्थशास्त्रवाल्यांनी मुंबईतल्या इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सची परिषद बघावी. आणि मराठीत पेपर मांडायचा असेल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेचं वार्षिक अधिवेशन, पहिला पेपर तिथे मांडायला काही हरकत नाही, उलट आपल्या भाषेत प्रश्न आले की विचार जास्त मोकळा होतो.

या संस्थांच्या साईटवर सेमिनार किंवा इव्हेंट्स असं पान असतं, दर सोमवारी एकदा चाळायची सवय लावा. बरेच सेमिनार झूमवरही असतात. लिंक नसेल तर सरळ दोन ओळींचा मेल करा, मी नाशिकला अमुक कॉलेजात आहे, ऐकायला जॉइन होता येईल का, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

६. अर्ज आणि कागदपत्रं

एकदाच एका फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवा:

– बायोडेटा, दोन पानांच्या आत
– पदवी आणि एमएच्या मार्कशीट
– पीएचडी असेल तर विद्यापीठाचं कन्फर्मेशन लेटर
– गाईड किंवा विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह
– नोकरी असेल तर कॉलेजचं एनओसी (ना-हरकत पत्र)
– बोनाफाईड, आधार, फोटो
– लागू असेल तर जातीचा दाखला, राखीव जागा असतात त्यासाठी
– एक पानाचं स्टेटमेंट, मला हा कोर्स का हवा

एनओसीला वेळ लागतो. अर्ज देणं, प्राचार्यांची सही, संस्थेचं ऑफिस, या सगळ्यात दहा-बारा दिवस सहज जातात आणि नोटीस बऱ्याचदा येतेच शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी. म्हणून नोटीस दिसली त्याच दिवशी एनओसीचा अर्ज टाका, निवड होईल का नाही याची वाट बघू नका. मुक्त विद्यापीठातून एमए करणाऱ्यांनी बोनाफाईड अभ्यासकेंद्रातून मिळेल की मुख्यालयातून, ते आधीच विचारून ठेवा. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्यांना काही ठिकाणी शिक्षक धरतात, काही ठिकाणी नाही, फॉर्म भरायच्या आधी मेल करा.

स्टेटमेंटमध्ये "मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. असं काहीतरी लिहा: "डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीचा लासलगावच्या कांदा भावावरचा परिणाम मी ॲगमार्कनेटच्या रोजच्या भावांवरून मोजतेय. हंगामी उतार वेगळा कसा काढायचा इथे मी अडले आहे. तुमच्या चौथ्या दिवसाचं पॅनेल डेटाचं सत्र मला त्यासाठी हवं आहे." एवढ्यात निवड करणाऱ्याला कळतं की हिला काम करायचंय.

७. जाणं-येणं

गोरेगाव, कलिनाला दुपारचा सेमिनार असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचं, तिथून वेस्टर्नची लोकल, आणि संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या पंचवटीनेच परत. सकाळी दहाचा सेमिनार असेल तर आदल्या रात्री जावं लागतं. पुण्याला एसटी बरी, पण चाकणच्या ट्रॅफिकमुळे वेळेचा भरवसा नाही, दोन तास हाताशी ठेवून निघा. बस वाकडेवाडीला सोडते, तिथून रिक्षा. मुक्कामी कोर्स असेल तर राहायची सोय आणि प्रवासभाडं नोटीशीत लिहिलेलं असतं, कुठल्या क्लासचं देतात ते बघा आणि तिकिटं जपून ठेवा, मूळ तिकीट मागतात.

८. सेमिनारमध्ये बसल्यावर

पेपर आधी मिळाला तर पूर्ण वाचायच्या भानगडीत पडू नका. गोषवारा, प्रस्तावना, आणि मुख्य निकालाचं एक टेबल, एवढं पुरे. वहीत चार ओळी लिहायच्या: प्रश्न काय, डेटा कुठला, तुलना कोणाची कोणाशी, उत्तर किती. सेमिनार संपेपर्यंत या चार ओळी भरल्या तर तुम्हाला सेमिनार समजला, बाकीची सूत्रं निसटली तरी चालतील.

काही शब्द सतत येतात. आयडेंटिफिकेशन म्हणजे हे कारण आणि हा परिणाम असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणताय. एंडोजेनिटी म्हणजे ज्याला कारण म्हणताय तेच दुसऱ्या कशामुळे, किंवा उलट परिणामामुळेच, घडलेलं असणं. कांद्याचंच बघा, सरकारने बंदी घातली कारण भाव चढले होते, मग भाव आणि बंदी यांचा संबंध नुसता काढला तर "बंदी असते तेव्हा भाव जास्त असतात" असलं काहीतरी निघू शकतं. रोबस्टनेस म्हणजे गृहीतकं थोडी बदलली तरी उत्तर टिकतं का. क्लस्टरिंग म्हणजे एकाच बाजारातल्या, एकाच गावातल्या नोंदी एकमेकींसारख्या असतात हे लक्षात घेऊन अचूकतेचा अंदाज काढणं.

प्रश्न विचारायला इंग्रजीची भीती वाटते हे मला माहितीये. प्रश्न आधी वहीत लिहा आणि वाचून विचारा, कोणी हसत नाही. आणि तुमच्याकडे जो प्रश्न असतो तो तिथल्या बाकी कोणाकडे नसतो. कोणी कांदा साठवणुकीचं मॉडेल मांडत असेल आणि त्यात साठवलेला माल जसाच्या तसा राहतो असं धरलं असेल, तर कांदाचाळीत किती सडतो, किती वजन घटतं, कोंब कधी येतात हे विचारायला नाशिकचाच माणूस लागतो. विचारा.

९. पैसे भरायच्या आधी

फोनवर जाहिराती येतात, सात दिवसांत डेटा ॲनालिस्ट, नॅशनल लेव्हल सर्टिफिकेट, पेपर पब्लिकेशन गॅरंटी. एका परिचित मुलीने अशाच एका कोर्सला चांगले पैसे भरले, रोज दीड तास स्लाईड वाचून दाखवल्या, एकदाही डेटा फाईल उघडली नाही. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी मागा: शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांचे पेपर, दिवसवार वेळापत्रक, आणि सरावाला कुठला डेटा वापरणार ते. तिन्हीपैकी एकही देत नसतील तर सोडून द्या. पब्लिकेशनची गॅरंटी दिसली की तिथूनच मागे फिरा, चांगलं जर्नल कोणालाही गॅरंटी देत नाही. "यूजीसी केअर लिस्टेड" म्हणून अजूनही पैसे मागतात, ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलीये.

१०. परत आल्यावर पहिले पंधरा दिवस

कोर्समध्ये शिकलेलं पंधरा दिवसांत स्वतःच्या डेटावर चालवलं नाही तर जातं. परत आल्यावर लगेच तिथली लॅबची स्क्रिप्ट उघडा, त्यांची फाईल काढून तुमची घाला, आणि जिथे एरर येईल तिथून काम सुरू करा. कॉलेजमध्ये चार जणं जमत असतील तर महिन्यातून एका शनिवारी आपलाच सेमिनार घ्या, एकाने मांडायचं, बाकीच्यांनी मध्ये मध्ये अडवायचं, प्राध्यापकांनाही बोलवा. कॉलेज रोड-गंगापूर रोडवर एवढी कॉलेजं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, खोली आणि प्रोजेक्टर मिळायला कोणाची अडचण येऊ नये.

कोर्समधल्या शिक्षकांना मेल करायचा असेल तर नुसतं "सर मदत करा" लिहू नका. तुमचा प्रश्न एका वाक्यात, कुठला डेटा आणि किती नोंदी, काय चालवलं, काय आलं आणि कुठे अडलं, एवढं मेलमध्येच लिहा. स्क्रिप्ट जोडा, डेटा मोठा असेल तर त्यातल्या शंभर ओळी जोडा. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, सत्र संपताना पेपर तपासणीच्या दिवसांत मात्र करू नका, तेव्हा कोणालाच वेळ नसतो.